'कामगारांच्या आशीर्वादाने'

मामा,

तुमची तिरडी गिरणीच्या गेटसमोर टेकवली, तेव्हा वरून तुम्हीच हसत होता.

हे मी पत्रकात लिहिलं असतं तर तुम्ही खोडलं असतं. म्हणाला असता, एवढं कुठं असतंय, जरा कमी कर. पण असंच झालं. तुमच्या नागेशनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की मागच्या गल्लीतून जाऊ. खांदेकऱ्यांनी ऐकलं नाही. गिरणीत जन्म काढलेल्या माणसाचा विसावा गिरणीच्या गेटवर, हा आपल्या लाइनींचा, गिरणीच्या चाळींचा रिवाज. गिरणी बंद पडली तरी तो बंद पडला नाही. तिरडी खाली ठेवायची, क्षणभर सगळ्यांनी गप्प उभं राहायचं, मग उचलायची. तसं तुम्हाला ठेवलं. मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन, पायाखाली डांबर मऊ झालेलं. आणि वर बिल्डरच्या फलकावर, दोन मजले उंच, अंबादासमामा. कपाळाला कुंकू, हातात आरतीचं ताट, पाठीमागं काचेच्या इमारती, हिरवळ, पळणारी गोरी पोरं. खाली ठळक अक्षरांत: 'कामगारांच्या आशीर्वादाने'.

तेवढ्यात विक्रीच्या ऑफिसातून एक मुलगी बाहेर आली. हात जोडून, अगदी नम्रपणे तिनं विचारलं की जरा बाजूला घेता येईल का, फ्लॅट बघायला पार्टी आलीय, गाडी आत घ्यायचीय.

कुणाला बाजूला घ्यायचं, हे बहुतेक तिला कळलं नसावं. तिनं वर बघितलं नव्हतं. मी तिला 'वर बघ' म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. बाबांनी माझा दंड धरला. गेटवरच्या वळसंगच्या वॉचमननं टोपी काढून हातात घेतली आणि गाडीला थांबायचा हात केला. त्या एवढ्या मोठ्या कंपनीत त्या दिवशी माणूस म्हणून तो एकटाच वागला.

गेलेल्या माणसावर रागवायचं नसतं, असं मला चार दिवस सगळे सांगतायत. मला ते जमत नाही. तुमच्यावर माझा राग आहे, मामा. बिल्डरवर आहे तो वेगळा, त्याची मला सवय आहे, त्याच्यावर मी रोज लिहू शकते. तुमच्यावरचा राग कुठं छापायचा हे कळत नाही, म्हणून हे लिहितेय.

तुमच्या ओट्यावर मी पहिल्यांदा आले तेव्हा कॉलेजातली पोर होते. आमची सूत लाइन नाल्याच्या पलीकडं, तुमची माग लाइन अलीकडं. गिरणीनंच बांधलेल्या, एकाच विटेच्या, एकाच कौलांच्या दोन चाळी. विणणाऱ्या खात्यातले तुम्ही इकडं, घरात तेलुगू बोलणारे. सूत काढणाऱ्या खात्यातले आम्ही तिकडं, बहुतेक बौद्ध. बाबा सूत खात्यात बदली कामगार होते, कायम व्हायच्या आत गेटला कुलूप लागलं. तेव्हा मी पाळण्यात होते. मी गिरणी चालताना बघितली नाही, तिचा आवाज ऐकला नाही. हे तुम्ही मला भांडणात प्रत्येक वेळी ऐकवायचा. जणू न बघितलेल्या गोष्टीसाठी लढायचा परवाना मला कुणी दिलेलाच नव्हता.

माझं पहिलं पत्रक तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून, कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचलं होतं. कॉलेजातल्या सरांनी त्याला ज्वलंत म्हटलं होतं. तुम्ही कागद परत दिला आणि म्हणाला, "धा जागी धिक्कार लिवलीस. कुणाचा, ते एकदा तरी लिही की."

तेव्हापासून मी नाव घालून लिहायला शिकले. गिरणीची जमीन कुणी घेतली, कुणी विकली, कुठल्या नगरसेवकानं मध्यस्थी केली, 'कामगारांना याच जागेत घरं' असं भर सभेत कोण बोललं आणि नंतर कोण विसरलं. आमची मागणीही तुम्हीच एका ओळीत बसवून दिलीत. दोन्ही लाइनींना, याच जागेत, एकाच वेळी घरं. मी त्यात आणखी सात-आठ मागण्या घालू बघत होते. तुम्ही म्हणाला, एवढं सगळं मागितलं की त्यातलं काय द्यायचं ते समोरचा ठरवतो. एकच माग. मी ऐकलं. तुमची पत्रकवाली म्हणून मला दोन्ही लाइनींत ओळखायला लागले. मला ते आवडायचं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आणि मग खंडेनवमी आली.

बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. खंडेनवमीला यंत्रांची पूजा, हे सगळीकडंच असतं. पण गिरणी चालू होती तेव्हा वर्षातून त्या एकाच दिवशी बायकापोरांना आत सोडायचे. मागांना झेंडूच्या माळा, आडवा धागा नेणाऱ्या धोट्याला कुंकू, मुकादमाच्या हातून चिवडा. आपला बाप दिवसभर कुठं उभा असतो ते त्या दिवशी कळायचं. गिरणी बंद पडली, माग भंगारात गेले, आणि तुम्ही लोक काय करायला लागला? दर खंडेनवमीला गेटवर जाऊन कुलुपाला कुंकू लावायला लागला. बंद गेटच्या कुलुपाला. हार घालायचा, नारळ फोडायचा, चिवडा वाटायचा, घरी जायचं. लहानपणी मला वाटायचं की कुलूप हाच आपला देव आहे. मोठी झाल्यावर मी तुम्हाला म्हणाले, मामा, ज्यानं तुम्हाला बाहेर काढलं त्याचीच पूजा करताय. तुम्ही म्हणाला, तुला नाही कळायचं. खरंच नाही कळलं.

गेल्या वर्षी बिल्डर कंपनीच्या मॅनेजरनं माग लाइनीत निरोप पाठवला. यंदा कुलूप काढतो, कामगार बंधूंनी आत येऊन पूजा करावी, चहापाण्याची सोय आमची.

मी त्याच संध्याकाळी तुमच्याकडं आले. हे गोड बोलणं आहे, आत पाऊल टाकू नका, इतकी वर्षं बाहेर उभं राहून जे मागितलं ते चहाच्या कपावर घालवू नका, सगळं सगळं सांगितलं. तुम्ही ऐकून घेतलंत. मामी आत भाकरी थापत होत्या, त्यांचा हातसुद्धा थांबला. तुम्ही एवढंच म्हणाला की पूजा ही पूजा असती, तिच्यात राजकारण आणू नको. मी म्हणाले, पूजेत राजकारण मी आणलं का त्यांनी? तुम्ही म्हणाला, मग तू येऊ नको.

मी आले. गेटवर उभी राहून बहिष्काराची पत्रकं वाटत होते. तुम्ही पांढरा सदरा घालून, नवी टोपी घालून, लाइनीतल्या म्हाताऱ्यांच्या पुढं चालत आला. सगळ्यांच्या अंगाला नवीन कपड्यांचा वास. लग्नाला निघाल्यासारखे.

"काय वाटालीस गं?"

"वाचा."

तुम्ही घेतलंत. वाचलं नाही. आत गेलात, आणि बाहेर येताना त्याच पत्रकाच्या पुडीत प्रसादाचा चिवडा बांधून माझ्या हातात ठेवलात. "खा, लई बोललीस." तुमच्या मागं सगळे म्हातारे हसले. मी तो चिवडा खाल्ला नाही. घरी नेला. बाबांनी खाल्ला.

बाबाही आत गेले होते. माझा त्यांच्यावर राग त्या दिवशी तुमच्यापेक्षा जास्त होता. आम्ही पूजा करत नाही, तरी गेले. म्हणाले, हात जोडायला नाही गेलो, बघायला गेलो. आत काय बघितलं ते त्यांनीच मला सांगितलं. माग नव्हतेच. शेडमध्ये नुसती मोकळी फरशी, कबुतरं, आणि जिथं माग होते तिथं जमिनीतून वर आलेले गंजलेले बोल्ट. तुम्ही रांगेतून चालत गेलात, तुमच्या मागाच्या जागेवर थांबलात, खाली बसलात आणि त्या चार बोल्टांना कुंकू लावलंत. तुमचं बघून दुसरे बसले. मग आणखी. सगळे आपापले बोल्ट शोधत हिंडत होते. बाबा म्हणाले, तिथं उभं राहवत नव्हतं.

आणि मॅनेजरनं आणलेला फोटोवाला ते सगळं टिपत होता.

मामा, याला जगात दुसरं कुणी फसलं नसतं. दारूला फसतात, नोटांना फसतात, साडीला फसतात, ते मला माहीत आहे, निवडणुकीत मी ते बघितलंय. पण गंजलेल्या बोल्टांना कुंकू लावायला मिळतंय म्हणून चालत जाऊन जाळ्यात पाय घालणारी माणसं फक्त तुम्ही. त्या मॅनेजरला मी मानते. त्यानं तुम्हाला नीट ओळखलं होतं. मी ओळखलं नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर फलक चढला. मला आधी दुसऱ्या कुणीतरी फोन करून सांगितलं. मी धावत आले तर तुम्ही रस्त्याच्या पलीकडं चहाच्या टपरीवर उभे राहून वर बघत होता. मी काय काय बोलले ते मला नीट आठवत नाही, बरंच वाईट बोलले असणार, कारण टपरीवाल्यानं रेडिओ बंद केला. माझं संपेपर्यंत तुम्ही थांबलात. मग म्हणाला,

"फोटो बरा आलाय की."

तुम्ही थट्टा करत होता की खरंच तसं वाटत होतं, हे मला आजही ठरवता येत नाही. तुम्ही दिसायला देखणे होता आणि ते तुम्हाला माहीत होतं. कुणी इतका मोठा फोटो कधी काढला नव्हता तुमचा. नागेशच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा तुम्ही कडेला अर्धे कापले गेला आहात.

पण दुसऱ्या दिवशी तुम्हीच माझ्याकडं आलात. चल म्हणाला, काढायला सांगू. आपण दोघं त्या ऑफिसात गेलो. काचेची दारं, आत इतका गारवा की तुम्ही उपरणं अंगाभोवती ओढून घेतलंत. टेबलावर छोट्या इमारतींचा देखावा, आतून दिवे लावलेला. आपल्या दोन्ही लाइनी त्यात नव्हत्या. तिथं झाडं होती आणि निळ्या काचेचा पोहण्याचा तलाव. तुम्ही त्या तलावावर बोट ठेवून मॅनेजरला विचारलंत, "ह्याला पाणी किती दिवसाआड येणार?" चार-पाच दिवसांनी नळ येणाऱ्या गावात याहून चांगला प्रश्न कुणी विचारला नसेल. मला तेव्हा तुमचा एवढा अभिमान वाटला. मॅनेजर हसला. म्हणाला, मामा, तुम्ही तर आमची शान आहात. फलकाचं म्हणाल तर दिवाळीनंतर काढू.

कुठली दिवाळी ते त्यानं सांगितलं नाही. तुम्हीही विचारलं नाही.

त्यानंतर फलकानं आपलं काम चोख केलं. मी कुठल्याही दारात गेले की तोच फोटो मोबाइलवर काढून माझ्यापुढं धरायचे. महापालिकेत, वर्तमानपत्रात, नगरसेवकाच्या बंगल्यावर. तुमचेच मामा आशीर्वाद देतायत आणि तुम्ही विरोध कसला करता? आमच्या लाइनीत पोरं म्हणायला लागली की माग लाइन विकली गेली. मी त्यांच्याशी तुमच्या बाजूनं भांडले, हे तुम्हाला कुणी सांगितलं का? आणि थंडीत कंपनीनं हवा तो डाव टाकला. माग लाइनीला मागच्या इमारतीत घरं देणार, याच जागेत. सूत लाइन नाल्याच्या पलीकडं आहे, सबब ती प्रकल्पात बसत नाही, तिला बायपासच्या पुढं माळावर जागा देऊ. जिथं बस जात नाही, दवाखाना नाही, आणि आमच्या बायका ज्या घरांत धुणीभांडी करतात तिथून परतायला रिक्षा मिळत नाही.

नाला काल आला का? गिरणी चालू होती तेव्हा तो नव्हता? सूत कुठून यायचं तुमच्या मागांवर?

हा शेवटचा प्रश्न मी पत्रकात घातला होता. तुम्ही खोडला नव्हता.

पण त्याच थंडीत आपलं खरं भांडण झालं, ते पत्रकात घालण्यासारखं नव्हतं. कंपनीला नव्या दुकानांच्या मजल्यावर काचेच्या पेटीत गिरणीच्या आठवणी ठेवायच्या होत्या आणि त्यांनी तुमचा धोटा मागितला होता. तुम्ही तो कापडात गुंडाळून ठेवलेला, बाहेर काढून मला दाखवत बसलात. लाकूड हाताच्या घामानं काळं झालेलं. त्याच्या भोकाला तोंड लावून तुम्ही दाखवलंत, असा श्वास आत ओढायचा, की धागा भोकातून बाहेर. दिवसभर तेच. नव्या माणसाला ठसका लागायचा, कापसाची धूळ घशात जायची. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. तुम्ही रंगात येऊन सांगत होता. मी मध्येच विचारलं,

"म्हणून माझ्या आजोबांना मागावर घेतलं नाही ना?"

तुम्ही धोटा खाली ठेवला.

मी थांबले नाही. ज्याला तुमचं तोंड लागतं त्याला आमचं लागू नये, म्हणून आमच्या सगळ्या आळीला पिढ्यान् पिढ्या सूत खात्यात ठेवलं. हे मालकानं एकट्यानं केलं नाही. मागावरच्या माणसांनी केलं. आता तोच धोटा काचेत ठेवणार, खाली पितळी पाटी लावणार, आणि आम्ही बायपासच्या पुढं.

मला वाटलं तुम्ही म्हणाल, ते जुने लोक, तेव्हाची पद्धत, आता कुठं तसं राहिलंय. सगळे हेच म्हणतात. तुम्ही धोटा पुन्हा कापडात गुंडाळलात. मग म्हणाला,

"व्हय. आमी येऊ दिलं न्हाय. माझा बाप त्यात होता. मला विचारलं असतं तर मीबी तेच केलं असतं त्या वयात. आता काय करू सांग."

काय करू सांग. मला राग आला की तुम्ही मलाच विचारताय. आमचंच नुकसान, आणि उपायही आम्हीच सुचवायचा? मी उठून निघून गेले. कितीतरी दिवस माग लाइनीत पाय ठेवला नाही. माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही. पण मला 'व्हय' म्हणणारे तुम्ही पहिले होता, मामा. अजून दुसरं कुणी भेटलेलं नाही.

धोटा तुम्ही त्यांना दिला नाहीत, हे मामींकडून कळलं.

मग कंपनीची माणसं माग लाइनीत दारोदार फिरायला लागली, संमतीच्या सह्या घ्यायला. तुमची सही झाली की बाकीच्यांच्या आपोआप होणार, हे त्यांना ठाऊक होतं, आम्हालाही ठाऊक होतं. तुम्ही केली नाहीत. नाही असंही म्हणाला नाहीत. आज बघतो, उद्या बघतो, चष्मा सापडत नाही, तिथी बरी नाही. होळी झाली, पाडवा झाला. तुमची लाइन तुमच्यावर चिडली, हातातोंडाशी आलेली घरं अडवून बसलाय म्हणून. आमची लाइन तर चिडलेलीच होती. नागेश टॉवेलच्या कारखान्यात बारा तास उभा राहून येतो, त्याला लेकरांसाठी गळकं कौल नको, पक्कं घर हवंय. त्याचं काय चुकलं? तो मला परवा म्हणाला की तुम्ही तळमजल्यासाठी अडून बसला होता, गुडघ्यांमुळं, बाकी काही नव्हतं. मामी म्हणतात तसं नाही, ते थांबले होते. कशासाठी, ते त्यांनाही सांगितलं नाहीत.

तुम्हाला एक वाक्य बोलता आलं नाही? सूत लाइनीशिवाय सही नाही, एवढंच. चौकात उभं राहून नाही, निदान तुमच्या ओट्यावर. तुमच्या बायकोला. मला. ते एक वाक्य असतं तर आज माझ्याकडं त्यांच्या दोन मजली फलकाला द्यायला उत्तर असतं. आता तुमचा चेहरा त्यांच्याकडं आहे आणि तुमचं मौन आमच्याकडं, आणि मौनाचा जो तो आपल्याला हवा तो अर्थ काढतोय. मीसुद्धा काढतेय. मला कळतंय ते.

शेवटचं बोलणं झालं ते नळावर. एप्रिल संपत आला होता, पाणी पाचव्या दिवशी आलेलं, अख्खी लाइन घागरी घेऊन उभी, आणि तुम्ही मध्येच पाटावर बसून कुणाची घागर कधी लागायची याचा न्याय करत होता. मी आमच्या लाइनीच्या सभेचा निरोप द्यायला आले होते. इतक्या महिन्यांनी तुमच्याशी बोलायचं म्हणजे कसं सुरू करावं कळेना, म्हणून सरळ विचारलं. सही करणार आहात का?

घागरी वाजायच्या थांबल्या. सगळ्यांना ऐकायचं होतं.

तुम्ही म्हणाला, "आधी तुझ्या बापाला विचारून ये, त्याला माझ्या शेजारी राहायचंय का. मी लई घोरतो."

सगळी लाइन हसली. मला वाटलं, पुन्हा उडवलं मला, पुन्हा पत्रकाची पुडी करून चिवडा. मी निरोप तिथंच टाकला आणि पाठ फिरवली. तुम्ही मागून हाक मारली होती. मी ऐकली होती.

बाबांना मी तेव्हा काही सांगितलं नाही. तुम्हाला अग्नी दिल्यावर परत येताना सांगितलं. बाबा चालायचे थांबले. नाल्यावरच्या पुलाच्या कठड्याला टेकून त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. मग म्हणाले, "मग सांगायचं होतंस की त्यांना. मीपण घोरतो."

ते उत्तर होतं का, मामा? तुम्ही हो म्हणत होता का? माझ्या बापाला शेजारी धरून चालला होता का तुम्ही तुमच्या डोक्यात, त्या मागच्या इमारतीत, एका भिंतीला भिंत लावून? की नुसतीच गंमत? तुमच्याशी भांडायला बसले असते तर तुम्ही खरं सांगितलं नसतंत, हे मला माहीत आहे. तरी बसले असते.

परवा तुमच्या घरी मॅनेजर आला. मोठं पुष्पचक्र, त्यावर कंपनीचं नाव तुमच्या नावापेक्षा मोठं. मी आणि बाबा मामींना भेटायला आलो होतो, कोपऱ्यात बसलो होतो. मॅनेजरनं चपला बाहेर काढल्या, खाली सतरंजीवर बसला, आवाज अगदी मऊ. मामा आमच्या कुटुंबातले होते म्हणाला. आतल्या बागेला मामांचं नाव द्यायचं ठरवलंय म्हणाला. आणि तुमच्या घराण्यासाठी तळमजला राखून ठेवलाय, मामांची तशी इच्छा होती, नागेशनं फक्त एक सही करायची. त्यानं कागद बरोबरच आणला होता. पुष्पचक्राबरोबर.

नागेश मान खाली घालून बसला होता. मी तोंड उघडणार होते, बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "आणि त्या लाइनीचं काय?"

मॅनेजर म्हणाला, ताई, तो विषय वेगळा आहे, आत्ता या दुःखात तो नको.

"मग च्या घेऊन जावा," मामी म्हणाल्या.

त्यांनी खरंच चहा मागवला. मॅनेजरनं अर्धा कप तसाच ठेवला, कागद घडी करून खिशात घातला आणि गेला. नागेशनं सही केली नाही. करणार नाही असंही तो म्हणालेला नाही. तो तुमचाच मुलगा आहे.

पण मामींनी आम्हाला थांबवून घेतलं आणि बाबांना सांगितलं की रविवारी दोन्ही लाइनींची सभा घ्या. आजवर प्रत्येक सभा तुमच्या अंगणात झाली, माग लाइनीत. आम्ही पूल ओलांडून यायचो, कडेला बसायचो. हे असंच असतं असं सगळ्यांना वाटायचं, मलाही. मामी म्हणाल्या, या वेळी तुमच्या विहारासमोर घ्या. इतक्या वर्षांत तुम्ही एकदाही तिथं आला नाहीत, मामा. आमच्या लाइनीतल्या गौतमच्या लग्नाचं बोलावणं होतं तेव्हा तुम्ही पुलापर्यंत आलात, आहेर हातात देऊन परत फिरलात. मामींनाही ते आठवत असणार. जागा त्यांनी उगीच निवडलेली नाही.

माग लाइनीतले किती जण येतील, मला सांगता येत नाही. काहींनी तोंडावरच सांगितलंय की आमची घरं ठरलीत, आम्ही कशाला येऊ. नागेश काहीच म्हणालेला नाही. मामी येणार आहेत, आणि त्या एकट्या आल्या तरी त्यांना मधोमध बसवायचं असं आमच्या बायकांनी ठरवलंय.

आम्ही मात्र दोन्ही लाइनींना पुरतील एवढ्या सतरंज्या मागवल्यात. त्या तुमच्या लोकांनी भरल्या तर मी त्या सभेवर एक ओळही लिहिणार नाही, लिहायची गरजच उरणार नाही. नाही भरल्या, तर रिकाम्या सतरंज्यांचा फोटो काढून पत्रकावर छापीन आणि शहरभर वाटीन. नाव घालून लिहायला तुम्हीच शिकवलंत, तरी त्याखाली तुमचं नाव घालणार नाही. तुमच्यासाठी एवढंच करता येईल मला.